समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते काय?

“नदीचे एवढे पाणी समुद्राला मिळून फुकट वाया जाते,” हे वाक्य आपल्या भागात कोणाला नवे नाही. उन्हाळ्यात नळाचे पाणी लांबू लागले की चहाच्या दुकानात, बसमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर ते मराठीत आणि कन्नडात सारख्याच जोराने ऐकू येते. महादयी आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, घाट उतरून गोव्यात जाते, तेथे मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. तिच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला. लवाद २०१० साली नेमला गेला आणि त्याचा निवाडा २०१८ साली आला. त्या तंट्यात कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचा मला अधिकार नाही, आणि तो या लेखाचा विषयही नव्हे. मला लिहावयाचे आहे ते त्या वाक्यातील ‘वाया’ या एका शब्दाबद्दल.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एखादी रक्कम बुडीत खाती टाकण्यापूर्वी ती खरोखर बुडाली आहे, की दुसऱ्या कुठल्या खात्यावर जमा झाली आहे, हे आधी तपासावे, असे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. तोच नियम येथे लावून पाहू. गोडे पाणी समुद्राला मिळते तेव्हा ते कोणाच्या खात्यावर जमा होते? मासे, तिवरांची झाडे, खाडीकाठची शेते अशी उत्तरे सहज सुचतील. पण या सर्वांच्या खालचे मूळ खाते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचे आहे, आणि त्या खात्याचा हिशेब पैशात नव्हे, मिठात लिहिलेला असतो.

जीवाणू म्हटले की आपल्याला आधी रोग आठवतात. वास्तविक बहुसंख्य जीवाणूंचा आपल्याशी काही वैरभाव नाही. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एक मिलीलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जीवाणू असतात. म्हणजे चहाच्या एका चमच्यात पन्नास लाख. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची जी लोकसंख्या होती तिच्या सुमारे दहापट! ही मंडळी रिकामी बसलेली नसतात. मेलेले शेवाळ, कुजलेली पाने, माशांची विष्ठा, गावांचे सांडपाणी हे सर्व खाऊन, मोडून, त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळे करणे हे त्यांचे काम. शेवाळ त्यावर वाढते, शेवाळावर सूक्ष्म प्राणी, त्यांवर मासे. ही पेढी बंद पडली तर वरचा सारा व्यापार ठप्प होईल. मात्र कोणत्या पाण्यात कोणते जीवाणू ही पेढी चालवतात हे सर्वत्र सारखे नसते, आणि ते ठरविण्यात मिठाचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम आकडे पाहू. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांतील बहुतेक भाग आपल्या नेहमीच्या मिठाचा. नदीच्या पाण्यात हे प्रमाण साधारणतः अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. या दोहोंच्या मधले ते मचूळ पाणी. पुढे मी नुसते ३५, ७, २ असे आकडे देईन, ते दर किलोमागे इतके ग्रॅम असे समजावे.

आता मिठाने जीवाणूचे काय बिघडते ते पाहू. हे समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाही, घरातली लोणच्याची बरणी पुरे. लोणचे हा शब्दच मुळी लवण, म्हणजे मीठ, यावरून आला आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने तळाशी पाणी सुटते. फोडींतील पेशींच्या भोवती पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज जाते-येते, मीठ तितक्या सहज जात नाही. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. आमच्या वर्गातील कन्नड भाषिक मित्र म्हणतात, “उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु”, मीठ खाल्ले त्याने पाणी प्यायलेच पाहिजे. म्हणीचा अर्थ करावे तसे भरावे असा आहे. पण पेशीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

मीठ कैरीचे पाणी ओढते तसेच बरणीत शिरलेल्या जीवाणूचेही ओढते. तो आक्रसतो, त्याची वाढ थांबते, आणि लोणचे वर्षभर टिकते. नदीतला जीवाणू समुद्रात वाहत गेला की त्याचीही अशीच गत होते. उलट समुद्रातला जीवाणू गोड्या पाण्यात पडला तर पाणी त्याच्या आत घुसू लागते आणि तो फुगतो. काही तर फुटतातही. समुद्राच्या आणि शुद्ध पाण्याच्या मध्ये असे पटल ठेवले तर त्यावर येणारा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट भरतो. स्कूटरच्या चाकात आपण जी हवा भरतो तिच्या दाबाच्या दहापटीहून हा अधिक झाला. एक मिलिमीटरचा हजारावा भाग एवढा ज्याचा देह, त्याने हा दाब सोसावयाचा!

जीवाणू यावर दोन उपाय करतात. पहिला म्हणजे बाहेरचे मीठ पंपाने उपसून बाहेरच ठेवणे, आणि आतला समतोल राखण्यासाठी पेशीला अपाय न करणारी दुसरी द्रव्ये साठविणे. बीटेन, प्रोलीन, ट्रेहॅलोज, एक्टोइन ही त्यांतील काही नावे. एक्टोइनचा शोध १९८५ साली खाऱ्या तळ्यातील एका जीवाणूत लागला. पेशीचे पाणी राखण्याच्या गुणामुळे आज ते जीवाणूंकडून मुद्दाम तयार करवून घेऊन त्वचेच्या मलमांत घालून विकले जाते. हा उपाय चांगला असला तरी खर्चिक आहे. ही द्रव्ये बनविण्यास कार्बन लागतो, ऊर्जा लागते. जेवढे मीठ जास्त तेवढा हा ‘आस्थापना खर्च’ वाढतो आणि वाढीसाठी भांडवल कमी उरते.

दुसरा उपाय म्हणजे पेशीतच पोटॅशियमचे क्षार भरून घेणे. यात खर्च कमी. पण पेशीतील सर्व प्रथिने त्या खारटपणात चालतील अशी घडवावी लागतात, आणि मग मिठावाचून ती चालेनाशी होतात. गोव्यातील रायबंदरची किंवा गोकर्णजवळच्या सानिकट्ट्याची मिठागरे ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली असतील त्यांना वाफ्यांतील पाण्यावर येणारी गुलाबी-तांबूस छटा आठवेल. त्या रंगाचा मोठा भाग अशाच मिठाशिवाय न जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. त्यांपैकी बहुतेकांना शास्त्रज्ञ आता जीवाणू न म्हणता ‘आर्किया’ या वेगळ्या कुळात घालतात. मिठाला जागणे म्हणतात ते हेच असावे!

समुद्री जीवाणूंचे मिठाशी नाते केवळ सोसण्याचे नसते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यापैकी काहींची शेपटी, म्हणजे पोहण्याचे यंत्र, सोडियमच्या प्रवाहावर फिरते. नदीतल्या पाणचक्कीला पाणी, तसे या यंत्राला सोडियम. तो आटला की यंत्र थांबले. यावरून ध्यानात येईल की गोड्या पाण्यातून खाऱ्यात किंवा खाऱ्यातून गोड्यात जाणे ही जीवाणूंच्या दृष्टीने एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. त्यासाठी पेशीचा सारा कारभारच बदलावा लागतो.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. २००७ साली लोझुपोन व नाईट या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी जगभरच्या १११ अभ्यासांतील जीवाणूंचे २१,७५२ जनुकक्रम एकत्र करून ताडून पाहिले. उष्ण झरे, बर्फ, माती, तळी, समुद्र असे सर्व प्रकार त्यांत होते. जीवाणूंच्या वस्त्यांत सर्वांत मोठी फाळणी कशामुळे होते, हा त्यांचा प्रश्न होता. उष्णता किंवा आम्लता असे उत्तर येईल असे आपल्याला वाटले असते. उत्तर आले मीठ! दोन हजार मैल दूर असलेल्या दोन समुद्रांतील जीवाणू एकमेकांचे जितके नातलग, तितके समुद्राचे आणि त्याला मिळणाऱ्या नदीचे नसतात. मिठाची ही रेषा ओलांडून पलीकडे कायमचे स्थायिक झालेली कुळे उत्क्रांतीच्या इतिहासात थोडीच आढळतात.

मग जेथे गोडे आणि खारे एकमेकांत मिसळते त्या मचूळ पाण्यात कोण राहते? याचे सर्वांत चांगले उत्तर उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्राने दिले आहे. हा समुद्र म्हणजे जवळजवळ सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेली एक प्रचंड खाडीच होय. नीवा, व्हिस्चुला यांसारख्या नद्या त्यात गोडे पाणी आणून ओततात, आणि डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुनींतून थोडे थोडे खारे पाणी आत येते. त्यामुळे उत्तर टोकाला खारटपणा २ च्या आसपास, मध्ये ७ च्या आसपास, आणि बाहेर उत्तर समुद्राच्या बाजूस ३० च्याही वर, अशी सुमारे दोन हजार किलोमीटरची मिठाची उतरंड तेथे आपोआप तयार झाली आहे.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ॲडॉल्फ रेमाने यांनी १९३४ साली याच समुद्रातील प्राण्यांवरून एक प्रसिद्ध आलेख मांडला. गोड्या पाण्यात पुष्कळ जाती, समुद्रात त्याहून पुष्कळ, पण ५ ते ८ च्या दरम्यानच्या मचूळ पाण्यात जातींची संख्या एकदम खाली येते. ना घर का ना घाट का, अशी त्या पाण्याची अवस्था! जीवाणूंचेही तसेच असणार, असे मानणे स्वाभाविक होते. २०११ साली हर्लेमान व सहकाऱ्यांनी या उतरंडीवरून गोळा केलेले २१३ नमुने तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र निराळे निघाले. मिठाप्रमाणे वस्ती बदलत होती हे खरे. बीटाप्रोटिओबॅक्टेरिया नावाचा गट गोड्या टोकाला भरपूर, तर अल्फा आणि गामा हे त्याचे भाऊबंद खाऱ्या टोकाकडे वाढत गेलेले. परंतु मधल्या पाण्यात जीवाणूंची विविधता घटलेली नव्हती. प्राण्यांना जेथे संसार मांडणे जड गेले तेथे जीवाणूंनी भरगच्च वस्ती केली होती.

ही वस्ती कोणाची? अर्धे नदीचे पाहुणे आणि अर्धे समुद्राचे, असे नव्हे. २०१५ साली स्वीडनमधील संशोधकांनी बाल्टिकमधल्या जीवाणूंचे संपूर्ण जनुकसंच जुळवून पाहिले. त्यांचे जवळचे नातलग शेजारच्या नद्यांत नव्हते की महासागरातही नव्हते. ते निघाले अमेरिकेतील चेसापीक उपसागरासारख्या दूरच्या मचूळ पाण्यात! हिशेबाने असे दिसते की या कुळांनी आपल्या गोड्या व खाऱ्या भाऊबंदांपासून एक लाख वर्षांपूर्वीच वाटण्या करून घेतल्या होत्या. बाल्टिक समुद्र आजच्या रूपात येऊन सुमारे आठ हजारच वर्षे झाली. म्हणजे समुद्र नवा, पण रहिवासी जुने आणि जगभर पसरलेले. मचूळ पाणी हे दोन पाण्यांचे भेसळीचे मिश्रण नसून तो जीवाणूंचा स्वतंत्र मुलूख आहे.

या मुलखात वस्ती टिकण्यास आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. बाल्टिकमध्ये आलेले पाणी बाहेर पडण्यास सुमारे तीन दशके लागतात. तेवढ्या अवधीत जीवाणूंच्या हजारो पिढ्या होतात. आता आपल्या मांडवीकडे वळू. तिच्यात गांजेपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आत, भरती-ओहोटी जाणवते. उन्हाळ्यात नदीचा ओघ आटतो, समुद्राचे खारे पाणी आत सरकते आणि कित्येक आठवडे रेंगाळते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटावरचा पाऊस उतरला की हेच पाणी थोड्या दिवसांत बाहेर ढकलले जाते, आणि पणजीपाशीही वरचा थर जवळजवळ गोडा होतो. पाण्याचा मुक्काम जीवाणूंच्या दुप्पट होण्याच्या वेळेपेक्षा फार मोठा असला तर स्थानिक वस्ती मूळ धरते. मुक्काम आखूड असला तर नदीतून वाहत आलेले आणि समुद्रातून आत शिरलेले यांची नुसती गर्दी होते. बाल्टिक हे कायम वस्तीचे गाव, तर मांडवी ही दरवर्षी भरणारी आणि उठणारी जत्रा. जत्रेचेही वेळापत्रक असते, आणि ते मोसमी पावसाने नदीला दिलेल्या गोड्या पाण्यावर चालते.

हे वेळापत्रक बिघडले तर काय होते? प्रथम खाडीच्या चिखलात पाहू. समुद्राच्या एक किलो पाण्यात मिठाबरोबर सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नदीत ते फार थोडे. चिखलात प्राणवायू नसतो, तेथे काही जीवाणू सल्फेटच्या आधारे श्वसन करतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. सल्फेट नसेल तेथे मिथेन बनविणाऱ्या आर्कियांना रान मोकळे मिळते. गोड्या दलदलीतून मिथेन पुष्कळ सुटतो आणि खाऱ्या दलदलीतून कमी, याचे मुख्य कारण हेच. मिथेन वातावरण तापविणारा आहे, तर सल्फेटवाल्यांचा तो वायू भाताच्या मुळांना विषारी. गोव्यातील खाजन जमिनींचे शेतकरी बांधाला ‘मानस’ नावाचे दरवाजे ठेवून खाऱ्या पाण्याचा प्रवेश शतकानुशतके आवरत आले आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकवीत आले. त्या दरवाजाबरोबर चिखलातील जीवाणूंचा कारभारही ते नकळत सांभाळीत होते.

दुसरी बाब आरोग्याची. पटकीचा जीवाणू माणसाच्या आतड्यातच राहतो अशी पूर्वी समजूत होती. रिटा कोलवेल यांच्या गटाला १९७७ साली तो चेसापीकच्या पाण्यात सापडला, आणि पुढे स्पष्ट झाले की मचूळ पाणी हे त्याचे नैसर्गिक घर असून सूक्ष्म जलचरांच्या अंगाला चिकटून तो तेथे राहतो. ते जलचर कापडात अडकतात. म्हणून बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळून पिण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. याच कुळातील दुसरा एक जीवाणू मध्यम खारट व कोमट पाण्यात फोफावतो आणि जखमेतून शरीरात शिरतो. २०१४ च्या कडक उन्हाळ्यात बाल्टिकच्या काठी त्याच्या रुग्णांची संख्या खूप वाढली. समुद्राची पातळी चढली, किंवा नदीचा ओघ घटला, तर मिठाची रेषा आत सरकते, आणि तिच्याबरोबर अशा जीवाणूंचा मुलूखही आत सरकू शकतो. विहिरींचे पाणी त्याच काठावर असते.

नदीचे पाणी समुद्राला मिळणे म्हणजे नासाडी, हा विचार टोकाला नेला की काय होते याचा दाखला मध्य आशियातील अरल समुद्राने दिला आहे. १९६० पर्यंत त्याचे पाणी सुमारे १० इतके, म्हणजे मचूळ होते. कापसासाठी आमू दर्या व सीर दर्या या दोन्ही नद्यांचे पाणी वळविण्यात आले. समुद्र आटला, दक्षिणेकडच्या उरलेल्या पाण्याचा खारटपणा १०० च्या वर गेला, मासे गेले, मासेमारीची बंदरे वाळवंटात राहिली. मचूळ पाण्याची सबंध साखळी तळापासून वरपर्यंत बदलली. उत्तरेच्या लहान भागात मात्र २००५ साली धरण बांधून सीर दर्याचे पाणी राखले गेले, खारटपणा उतरला आणि मासे परत आले. धरण वाईट किंवा चांगले असे नव्हे. गोडे पाणी पोहोचले की नाही, हा खरा प्रश्न.

तहानलेल्या गावाला पाणी मिळालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आयाबहिणींना जीवाणूंची विविधता सांगणे हा उद्धटपणा ठरेल. पण जे पाणी आपण घेऊ ते कोणाच्या तरी खात्यातून काढलेले असेल. ते काढावे की न काढावे, किती काढावे, कोणत्या महिन्यात काढावे, हे जाणत्यांनी ठरवावे. दुसऱ्या बाजूची नोंद मात्र कोरी ठेवू नये. जमेकडे आपले नळ आणि शेते लिहिली, तर नावेकडे सरकलेली मिठाची रेषा, बदललेला चिखल आणि काठावरच्या विहिरी लिहिल्या पाहिजेत.

उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत जातील, कोणी सरकारी कचेरीत, कोणी एखाद्या योजनेचे जमाखर्च तपासतील. त्या कागदावर ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ असा रकाना आला तर त्यापुढे आकडा भरण्याआधी एवढे विचारावे, की हे पाणी आजवर कोणते काम करीत होते, आणि उद्यापासून ते कोण करणार?